मांजरीची दाढ आतून विरघळतेय, भूल देऊन काढावी का? नाशिककरांचे अनुभव हवेत

मखमल_इंदिरानगर

नमस्कार मंडळी. आमची चिंगी नऊ वर्षांची, साधी देशी, काळी-पांढरी. लसीसाठी नेलं तेव्हा डॉक्टरांनी तिचा ओठ वर करून तोंड पाहिलं. खालच्या जबड्यात डाव्या बाजूच्या एका दाढेवर हिरडी चढल्यासारखी दिसत होती आणि दाढेवर गुलाबी ठिपका होता. त्यांनी कापसाची काडी तिथे हलकेच टेकवली, तर चिंगीचा जबडा थडथड उडायला लागला. डॉक्टर म्हणाले, याला टूथ रिसॉर्प्शन म्हणतात, यात दात आतून विरघळत जातो. आधी भूल देऊन तोंडाचे एक्स-रे काढायचे, मग ठरवायचं. ही दाढ बहुधा काढावीच लागेल, कदाचित आणखीही एखादी.

घरात एकमत होत नाहीये. सासूबाई म्हणतात, "वाटी चाटूनपुसून साफ करते, पालीमागे भिंतीवर चढते, हिला कसलं आलंय दुखणं? या वयात भूल नको." नवरा म्हणतो, सहा महिने थांबून बघू. मला थांबवत नाही, कारण हल्ली ती कोरड्या खाण्याचा दाणा तोंडात घेते आणि टाकते, मान तिरकी करून एकाच बाजूने चावते.

तर खात असेल म्हणजे दुखत नसेल, असं धरावं का? या वयात भूल कितपत सुरक्षित? आणि नाशिकमध्ये कुणी मांजराच्या दातांचे एक्स-रे काढून घेतलेत का? दवाखान्यांची नावं कृपया धाग्यावर नकोत, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

बोक्याचा_बाबा

आमच्या बोक्याचे वरचे दोन्ही सुळे गेलेत, तरी शेजारच्या लॅब्राडॉरला जिना चढू देत नाही. दातांवर मांजराचा रुबाब अवलंबून नसतो. काढून टाका बिनधास्त.

सातपूरवाला

माझं मत वेगळं आहे, राग मानू नका. आमच्या कॉलनीत पंधरा-वीस मांजरं आहेत. त्यांचे दात कोण काढतं? जगतातच ना ती? निसर्गाने त्यांना दिलेलं त्यांचं ते बघून घेतात. माणसांच्या दाताला पैसे नसतात लोकांकडे, आणि इथे मांजराच्या दाढेला पाच आकडी खर्च. खाते-पिते आहे तोवर छेडू नये.

खूर_आणि_पंजा

मी पशुवैद्य आहे. बरीच वर्षं दिंडोरी-निफाडकडे गाई-म्हशी पाहिल्या, आता शहरात कुत्री-मांजरं पाहतो. जरा सविस्तर लिहितो.

मखमलताई, खाते म्हणून दुखत नाही, असं मांजराच्या बाबतीत कधीच धरू नये. मांजर स्वतः शिकारी असलं तरी मोठ्या जनावरांची शिकारही होतं, त्यामुळे दुखणं लपवणं त्याच्या रक्तात आहे. भूक लागली की दुखऱ्या दातानेही ते खातं. दात मोडून आतली नस उघडी पडलेली, आणि तरी वाटी रिकामी करणारी मांजरं मी पाहिली आहेत. तुम्ही लिहिलंत ते मान तिरकी करणं, दाणा पडणं, एका बाजूने चावणं, हीच दुखण्याची खूण. काही मांजरं धावत वाटीशी येतात, एक घास घेतात आणि वाटीवरच फिस्कारून पळतात. काहींचं अंग चाटणं कमी होतं आणि पाठीवर केसांच्या गुठळ्या होतात. काही नुसती चिडचिडी होतात आणि घरचे म्हणतात, वय झालं. काहींत तर बाहेरून काहीच कळत नाही.

आता आजाराविषयी. मांजराचे दुधाचे २६ दात असतात, ते पडून कायमचे ३० येतात. दुधाचे दात पडायच्या वेळी त्यांची मुळं विरघळवण्याचं काम ओडोन्टोक्लास्ट नावाच्या पेशी करतात. या आजारात त्याच पेशी कायमच्या दातांच्या मागे लागतात. असं का होतं याचं पक्कं कारण अजून सापडलेलं नाही. आहारातलं ड जीवनसत्त्व, हिरडीची सूज अशा कल्पना मांडल्या गेल्या, सिद्ध एकही झाली नाही. त्यामुळे आपण काय चुकीचं खाऊ घातलं हे शोधत बसू नका. ही कीडही नव्हे. माणसाचा दात किडतो तसा मांजराचा जवळजवळ किडतच नाही.

सुरुवात हिरडीखाली, मुळाच्या पृष्ठभागावर होते. वाळवी लागलेल्या चौकटीसारखं असतं हे, वरचा रंग शाबूत आणि आत पोकळ. खड्डा वर आला की त्यात हिरडीची ऊती वाढून बसते. तुम्हाला दिसला तो गुलाबी ठिपका म्हणजे तीच. म्हणजे ठिपका दिसेपर्यंत आत बरंच काही होऊन गेलेलं असतं. खालच्या जबड्यातली तिसरी उपदाढ बहुधा सगळ्यात आधी सापडते, तुमच्या वर्णनावरून तीच वाटते. आणि हे दुर्मीळ मुळीच नाही. ३० ते ७० टक्के मांजरांत आयुष्यात कधी ना कधी याची काही खूण सापडते, वय वाढेल तशी जास्त.

सहा महिने थांबून हा दात सुधारणार नाही. विरघळलेला दात पुन्हा भरून येत नाही, आणि कुठलंही औषध ही झीज थांबवत नाही. दुखणारा दात काढणं हाच उपाय.

घाटावरची

सातपूरवाला, मी गोदाघाटावर आणि भद्रकालीच्या बाजूला बऱ्याच वर्षांपासून मांजरांना खाऊ घालते, म्हणून तुमच्या "जगतातच ना" वर बोलते. नाही जगत हो. रस्त्यावरची बहुतेक मांजरं म्हातारी होतच नाहीत. गाडीखाली जातात, कुत्री मारतात, आजाराने जातात. हा दुखणाईतपणा वयाबरोबर येतो, त्या वयाला ती पोचत नाहीत म्हणून आपल्याला दिसत नाही. आणि जी पोचतात त्यांची तोंडं बघा कधी. हनुवटीवर लाळेने चिकटलेले केस, पुढचे पंजे काळे आणि चिकट, जीभ अर्धी बाहेर. एक पिवळा बोका होता, खाणं ठेवलं की सगळ्यात आधी यायचा, वाटीसमोर बसून राहायचा आणि बाकीच्यांना खाताना बघायचा. भूक होती, पण तोंड नव्हतं. निसर्ग बघून घेतो म्हणजे एवढंच, की तो उपाशी मरतो आणि आपण तिथे नसतो.

सातपूरवाला

घाटावरची, हे मला माहीत नव्हतं. तरी खर्चाचा मुद्दा राहतोच. सगळ्यांना परवडत नाही, आणि ज्यांना परवडत नाही त्यांनी मांजर पाळूच नये असं कुणी म्हणू नये.

घाटावरची

तसं मी कधीच म्हणणार नाही.

नाशिकरोडची_काकू

मखमल, भूलबिल देण्याआधी घरचं करून बघ बाळा. दाढेवर लवंगाचं तेल कापसाने लाव. तुरटीच्या पाण्याने हिरडी घट्ट होते. आमच्या लहानपणी दुखऱ्या दाढेला हेच. फारच दुखत असेल तर क्रोसिनची चतकोर गोळी दुधात.

खूर_आणि_पंजा

काकू, तुमची माया कळते, पण कृपया हे कुणीही करू नका. ठळक अक्षरांत लिहितो, म्हणजे धागा चाळणाऱ्यांच्याही नजरेत येईल.

क्रोसिन म्हणजे पॅरासिटामॉल. मांजराला ते विष आहे. चतकोर गोळीनेही जीव जाऊ शकतो. माणसाचं यकृत ज्या वाटेने हे औषध निकामी करून बाहेर टाकतं, ती वाट मांजरात फार अशक्त असते. औषध अंगात साठतं, रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं, हिरड्या चॉकलेटी पडतात, चेहरा आणि पंजे सुजतात, श्वास लागतो. चुकून पोटात गेलं तर सकाळची वाट न बघता लगेच दवाखाना गाठा.

लवंगाच्या तेलातलं युजेनॉलही मांजराचं यकृत नीट हाताळू शकत नाही. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांचंही नाव नको. मांजरांना दातदुखीसाठी मेलॉक्सिकॅम देतात, पण वजनावर मोजून, मूत्रपिंड तपासून आणि डॉक्टरांनीच. माणसांच्या गोळीचा तुकडा मोडून नव्हे.

नाशिकरोडची_काकू

अरे देवा. बरं झालं लिहिलंस. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकते हे आत्ताच.

गिधाडमित्र

अवांतर आहे, पण डायक्लोफेनॅक आणि मेलॉक्सिकॅम एका प्रतिसादात आले म्हणून राहवत नाही. डायक्लोफेनॅक दिलेली जनावरं मेल्यावर ती खाऊन आपल्याकडची गिधाडं मूत्रपिंड निकामी होऊन मेली. २००६ मध्ये भारतात जनावरांसाठी त्यावर बंदी आली आणि पर्याय म्हणून पुढे आलं ते मेलॉक्सिकॅम, जे गिधाडांना चालतं. आपल्याच जिल्ह्यात हरसूलजवळ खोरीपाड्याला वनखातं आणि गावकरी मिळून गिधाडांसाठी सुरक्षित खाद्य ठेवतात. एकदा जरूर जाऊन या, आदिवासी बांधवांनी फार मनापासून सांभाळलंय ते. धागा मांजरांचा आहे, थांबतो.

पोह्यावर_शेव

खोरीपाड्याला जायचं असेल तर मी गाडी काढतो, वाटेत मिसळ माझ्याकडून. तसं आमच्या मनीलाही मिसळीच्या रश्श्याचा वास आवडतो, ताटाशेजारीच ठाण मांडते :)

खूर_आणि_पंजा

मिसळ तुम्ही खा, मनीला बोटसुद्धा चाटवू नका. कांदा-लसूण कच्चा असो की शिजलेला, मांजराच्या तांबड्या पेशी फोडतो. कांद्याचं लासलगाव ज्या जिल्ह्यात आहे, तिथे हे सांगायलाच हवं.

विहितगावकर

मी भूल द्यायच्या विरोधात लिहिणार आहे. गेल्या हिवाळ्यात आमची राणी गेली. दातांची सफाई आणि दोन दात काढायला नेलं होतं. ऑपरेशन झालं म्हणून फोन आला, आणि तासाभराने दुसरा फोन आला. अकरा वर्षांची होती. आधी रक्ततपासणी झालीच नव्हती, हे मला नंतर कळलं. माझ्या मुलीने त्या दिवसापासून मांजराचं नाव घेतलेलं नाही. कुणी म्हणत असेल "भूल म्हणजे हल्ली काही नाही", तर मला ते ऐकवत नाही. दाढ दुखत असेल, पण राणी दुखऱ्या दाढेने आणखी काही वर्षं आमच्यात राहिली असती.

मखमल_इंदिरानगर

विहितगावकर, वाचून हात थांबले. तुम्ही इथे लिहिलंत याबद्दल आभार. तुमची भीती तीच माझी आहे.

खूर_आणि_पंजा

विहितगावकर, फार वाईट झालं. भूल म्हणजे काही नाही, असं मीही कधी म्हणत नाही. धोका आहे. तो किती, हे मोजलं गेलंय. ब्रिटनमध्ये मोठ्या संख्येने कुत्र्या-मांजरांची पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २००८ मध्ये आले. त्यात भूल किंवा गुंगी दिलेल्या मांजरांत मृत्यूचं प्रमाण सुमारे ०.२४ टक्के होतं. निरोगी मांजरांत ०.११ आणि आजारी मांजरांत १.४ च्या आसपास. म्हणजे प्रश्न "भूल द्यायची की नाही" एवढाच नसतो. भूल द्यायच्या आधी मांजर आतून कसं आहे हे माहीत आहे का, हा खरा प्रश्न. म्हाताऱ्या मांजरांत मूत्रपिंडाचा आजार फार, आणि बाहेरून तो दिसत नाही. रक्ततपासणीशिवाय वयस्क मांजराला दातांसाठी भूल देणं मला मान्य नाही.

त्याच पाहणीतली दुसरी गोष्ट तुमच्या दुःखाशी जुळते. दगावलेल्या मांजरांपैकी निम्म्याहून अधिक ऑपरेशन संपल्यावर गेली, आणि त्यातली बरीचशी पहिल्या तीन तासांत. टाके पडले की काम झालं असं नसतं, मांजर पूर्ण शुद्धीवर येईतो कुणीतरी शेजारी बसलेलं असावं लागतं.

मखमलताई, म्हणून डॉक्टरांना हे मोकळेपणाने विचारा, चांगल्या डॉक्टरला राग येत नाही. रक्त कधी तपासणार? श्वासनलिकेत नळी घालणार ना? दातांच्या कामात तोंडात पाणी फिरत असतं, नळी नसेल तर ते फुप्फुसात जाऊ शकतं. शीर उघडी ठेवून सलाइन, हृदय आणि प्राणवायूवर यंत्राची नजर? अंग गरम ठेवायला काय? मांजराचं अंग भुलेत झपाट्याने थंड होतं, त्यात तोंड ओलं, त्यात आपला जानेवारी. तोंड उघडं ठेवायला स्प्रिंगचा चिमटा वापरू नका, असंही सांगा. तो जबडा फार ताणतो, त्याने मेंदूकडे आणि डोळ्यांकडे जाणारा रक्तपुरवठा दबतो आणि भुलेनंतर काही मांजरं आंधळी झाल्याची नोंद आहे. जबड्याची नस बधिर करणारं इंजेक्शन देणार का, हेही विचारा. त्याने मुख्य भूल कमी लागते आणि जागं झाल्यावर दुखत नाही.

विहितगावकर

या प्रश्नांपैकी एकही आम्हाला विचारायचा असतो हे माहीत नव्हतं. माझं मन अजून तयार होत नाही, पण मखमलताई, रक्ततपासणी झाल्याशिवाय तिला टेबलावर चढवू देऊ नका, एवढं ऐका.

दाढदुखे

मी दातांचा डॉक्टर, माणसांचा, गंगापूर रोडला. हे वाचून फार कुतूहल वाटलं. माणसातही दात आतून विरघळतो, आणि वरून गुलाबी दिसतो. मार किंवा जुनी सूज असं कारण बऱ्याचदा सापडतं आणि लवकर कळलं तर रूट कॅनाल करून दात वाचतो. मांजरात का नाही वाचवत? मोठी दाढ आहे, खड्डा भरून टाकायचा.

खूर_आणि_पंजा

दाढदुखे साहेब, पूर्वी भरून पाहिलं गेलं. सिमेंट भरलं तरी पेशींचं काम भरलेल्या जागेच्या कडेने आणि खालून चालूच राहायचं. काही काळाने भरलेलं सुटायचं किंवा दात मोडायचा, म्हणून ते सोडून दिलं.

एक्स-रेवर मात्र तुम्हाला आवडेल असं बरंच आहे. त्यावर या आजाराचे तीन प्रकार दिसतात. पहिल्या प्रकारात मूळ स्वच्छ दिसतं, मूळ आणि हाड यांच्यामधली काळी रेघ शाबूत असते. तिथे दात मुळासकट काढावा लागतो, तुकडा आत राहिला तर दुखत राहतं. दुसऱ्या प्रकारात ती रेघच नसते, मूळ हाडात मिसळून हाडच झालेलं असतं. ते उकरायला गेलात तर जबडा मोडायची भीती. तिथे हिरडीच्या पातळीला दाताचा वरचा भाग कापतात आणि हिरडी शिवून टाकतात. तिसऱ्या प्रकारात एकाच दाताच्या एका मुळाला हे आणि दुसऱ्याला ते. नुसतं तोंड उघडून हा फरक ब्रह्मदेवालाही कळणार नाही. मुळाजवळ पू असेल, हिरडीचा आजार वाढलेला असेल किंवा सगळ्या तोंडाला सूज असेल, तर दुसऱ्या प्रकारातही वरचा भाग कापून मूळ मागे ठेवत नाहीत.

दाढदुखे

वा. एक सुचवू का? आमच्याकडे हातात धरायचं छोटं एक्स-रे यंत्र आणि तोंडात ठेवायचा सेन्सर असतो. तुमच्यापैकी ज्यांच्याकडे नाही, त्यांनी ओळखीच्या दंतवैद्याला हाक मारावी. मी स्वतः यायला तयार आहे. मांजर झोपलेलं असेल तर मला कसली अडचण!

खूर_आणि_पंजा

व्यनि करतो. मनापासून करतो.

त्र्यंबक_रोडची_वैशू

मखमल, माझा अनुभव वेगळ्या आजाराचा आहे, पण दात काढायची भीती वाटणाऱ्यांसाठी लिहिते. आमच्या सोन्याला स्टोमाटायटिस होता. घसा आणि गालाची आतली बाजू लालभडक, मांस फाटल्यासारखी. जांभई दिली की ओरडायचा. स्टेरॉइडच्या इंजेक्शनने काही आठवडे बरं वाटायचं, मग पुन्हा तेच, आणि दर वेळी बरं वाटण्याचा काळ कमी होत गेला. शेवटी डॉक्टरांनी दाढा-उपदाढा सगळ्या काढायला सांगितल्या. आम्ही कसारा घाट उतरून मुंबईला नेलं, कारण तेव्हा इथे आम्हाला दातांचा एक्स-रे मिळाला नव्हता. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, की सगळीच मांजरं बरी होत नाहीत, पण बहुतेकांना चांगला फरक पडतो.

सोन्याला हळूहळू फरक पडला. सूज पूर्ण जायला काही महिने गेले. आज तो कोरडे दाणे अख्खे गिळतो. मांजर आपल्यासारखं चावून बारीक करतच नाही, तुकडा तोडायचा आणि गिळायचा. वाटीत खाणं आयतं मिळणाऱ्या मांजराचं दातांवाचून अडत नाही. आता तो उशीवर गाल घासतो. आधी कुणी गालाला हात लावू शकत नव्हतं.

मेथीची_जुडी

ज्यांच्या मांजरांना अजून काही झालेलं नाही, त्यांच्यासाठी एक विनंती. ब्रश करा. हसू नका. आमच्या दोघींचे करते. मांजरांची पेस्ट चिकनच्या चवीची मिळते, ती गिळली तरी चालते. आपली पेस्ट नको, त्यातलं फ्लोराइड आणि फेस मांजराला चालत नाही. आधी नुसतं बोटावर पेस्ट चाटवली, मग ओठावर, मग बोटाला गुंडाळलेला कापड, मग लहान मुलांचा अगदी मऊ ब्रश. फक्त बाहेरची बाजू, तोंड उघडायचं नाही. घाई केली तर मांजर कायमचं बिथरतं.

एक स्पष्ट करते. ब्रशने हा विरघळायचा आजार टळत नाही. पण हिरडीची सूज आणि कीटण आटोक्यात राहतं, आणि रोज तोंड बघितल्याने लाल हिरडी लवकर दिसते. कॉर्नेल विद्यापीठाच्या मांजर-आरोग्य केंद्राच्या माहितीनुसार चार वर्षांवरच्या ५० ते ९० टक्के मांजरांना तोंडाचा काही ना काही आजार असतो. आपण मात्र तोंडाचा वास आला की "मांजराला येतोच" म्हणून सोडून देतो.

पोह्यावर_शेव

हाड दिलं की दात आपोआप साफ होतात असं ऐकलंय. बोंबील?

मेथीची_जुडी

टणक हाडाने दात तुटतात. सुक्या बोंबलात मीठ फार. दोन्ही नको.

बोक्याचा_बाबा

आणि भूल न देता दात साफ करून देणारे? आमच्याकडे पार्लरवाल्याने विचारलं होतं, नखांबरोबर दातही करून देतो म्हणून.

खूर_आणि_पंजा

नको. वरचं दिसणारं कीटण खरवडलं जातं आणि दात पांढरे दिसतात. आजार हिरडीखाली असतो, तिथे जाग्या मांजरात कुणी पोचू शकत नाही. मालकाला वाटतं काम झालं, आणि एक्स-रे आणखी दोन वर्षं लांबतो.

मखमल_इंदिरानगर

मंडळी, धागा वर आणतेय, झालं एकदाचं.

तुमच्या प्रश्नांची यादी घेऊन गेले. आमच्या डॉक्टरांनी शांतपणे सगळी उत्तरं दिली. आधी रक्त तपासलं, क्रिएटिनिन (मूत्रपिंड कसं चाललंय ते सांगणारं) आणि बाकीचं ठीक होतं. सासूबाईंना मी या धाग्यातला पिवळ्या बोक्याचा प्रतिसाद वाचून दाखवला. त्या काही बोलल्या नाहीत, पण नेण्याच्या दिवशी गाडीत पिंजरा मांडीवर घेऊन त्याच बसल्या.

एक्स-रेत डावीकडची ती दाढ पहिल्या प्रकारची निघाली. मुळाला हात घातलाय आजाराने, पण मूळ अजून मूळच आहे. ती पूर्ण काढली. उजवीकडे त्याच जागेची दाढ बाहेरून अगदी धड दिसत होती, तीही गेलेली निघाली, पण दुसऱ्या प्रकारची, मूळ जवळजवळ हाड झालेलं. तिचा वरचा भाग कापून हिरडी शिवली. उजवीकडचं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. एक्स-रे काढले नसते तर डावी काढून घरी आलो असतो आणि ती उजवीकडच्या दुखऱ्या दाढेने चावत बसली असती. टाके विरघळणारे आहेत. शुद्धीवर येईपर्यंत डॉक्टरांच्या मदतनीस ताई तिच्याजवळ होत्या, मलाही बसू दिलं. त्या रात्रीच तिने पातळ केलेलं चिकन चाटलं.

आता फरक सांगते. ती पाठ चाटायला लागली आहे. तिचं चाटणं कधी बंद झालं होतं हे आमच्या घरात कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं. आणि खिडकीतला पडदा ओढायचा खेळ, जो वयाबरोबर सुटला असं आम्ही समजत होतो, तो पुन्हा सुरू झालाय. ज्यांचं मांजर "म्हातारं झालं म्हणून शांत झालंय", त्यांनी एकदा ओठ वर करून बघा.

विहितगावकर, तुमचं वाक्य मी दवाखान्यात शब्दशः म्हटलं होतं.

विहितगावकर

वाचलं. चिंगीला मुलीचा आणि माझा आशीर्वाद. मुलीने फोटो मागितलाय, जमलं तर व्यनित टाका.

घाटावरची

मखमल, फार बरं वाटलं. पहिले दोन-तीन दिवस खाण्याकडे लक्ष ठेव. मांजर दुखण्याने सलग उपाशी राहिलं तर यकृतात चरबी साठते, जाड मांजरात तर फार लवकर. चोवीस तास अजिबात खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन कर.

मखमल_इंदिरानगर

खातेय घाटावरची, सासूबाई हाताने भरवतायत. डॉक्टरसाहेब, पुढे काय? बाकीचे दातही जाणार का?

खूर_आणि_पंजा

एका दातात सापडलं की पुढेमागे इतर दातांत सापडायची शक्यता जास्त असते. दर सहा महिन्यांनी जागेपणी तोंड तपासून घ्या, आणि लक्षणं दिसली किंवा हिरडी चढलेली दिसली की पुन्हा एक्स-रे. पुढच्या वेळी आत्ताचे एक्स-रे सोबत न्या, जुन्याशी ताडून बघता येतात.

ओझरची_पर्णा

नवीन सदस्य. आमची पर्शियन तीन वर्षांची आहे, तोंडाला फार वास येतो आणि हिरडीच्या कडेला लाल रेघ आहे. खाणं व्यवस्थित. इतक्या लहान वयात हेच असेल का?

खूर_आणि_पंजा

पर्णाताई, लाल रेघ म्हणजे हिरडीला सूज आहे एवढं नक्की. चपट्या तोंडाच्या मांजरात दात दाटीवाटीने असतात, त्यामुळे लवकर कीटण साठतं. सूज घशाकडे, मागच्या बाजूला पसरलीय का हे डॉक्टरांना बघायला सांगा, आणि एफआयव्ही व एफईएलव्ही या मांजरांच्या दोन विषाणूंसाठी रक्ततपासणी करून घ्या. खाणं व्यवस्थित आहे, यावर जाऊ नका. या आठवड्यातच दाखवा.